तिने गावाला नक्की काय केलं?

एकेका शब्दापायी ऑफिसात किती किस्से साचावेत! घाटकोपरच्या आमच्या साप्ताहिकात ऐंशीच्या दशकात असाच एक शब्द आला. इंग्रजी बातमीत होतं, एका विधवेने नाचून गावाला ‘स्कॅन्डलाइज’ केलं. आता ह्याला मराठीत काय म्हणायचं? मशीन थांबलेलं, सगळ्यांचा जीव वरखाली!

संपादक दातेसरांनी ठोकून दिलं, ‘गावात अब्रह्मण्यम् झाले.’

छपाईचे खिळे जुळवणारा सावंत कागद घेऊन बाहेर आला. ‘सर, हा सुब्रह्मण्यमचा कोण लागतो?’

सर तापले. ‘अरे, घोर पाप दिसलं की पूर्वी लोक असं ओरडायचे!’

प्रूफं तपासणारी वंदना कांबळे मान वर न करता म्हणाली, ‘आमच्या आजीने विहिरीला हात लावला तरी ओरडायचे, सर.’

सरांनी पेन उचललं. मग स्वतःच तो शब्द खोडला.

मी सुचवलं, ‘गावाला धक्का दिला.’

सावंत हसला. ‘धक्का बसच्या रांगेत देतात, मॅडम! नाचली ना? मग “नाचली” एवढंच छापा. ज्याला बसायचा त्याला बसेल!’

तसंच छापलं. आठवडाभरात एका वाचकाचं पत्र आलं, ‘असला चावटपणा छापू नये. बाईचा फोटो का नाही?’

पण खरा हादरा पुढेच होता. वंदना आणि सावंत रजिस्टर लग्न करणार! मुलगी बौद्ध म्हणून सावंताच्या आईने चारकोपच्या घरात अबोला धरला. आठ दिवस झाले. वंदनाला एका जागी बसवेना. एकच प्रूफ तीनदा वाचायची आणि चूक तशीच सोडायची. शेवटी म्हणाली, ‘चल गं, मीच जाऊन भेटते. वाट लागली तर लागली!’

आम्ही दोघी गेलो. आईंनी दार उघडलं, पण ‘या’ म्हटलं नाही. तेवढ्यात शेजारीण धावत आली, तोंडावर हात ठेवून. ‘अगो बाय! हीच काय ती?’

वंदनाने माझा हात घट्ट धरला.

आईंनी शेजारणीकडे पाहिलं. मग वंदनाकडे.

‘हीच. माझी सून. बघून झाला? आता दार लावतंय!’

आम्हाला आत ओढून त्यांनी धाडकन दार लावलं. मग खुर्चीकडे बोट दाखवत वंदनाला म्हणाल्या,

‘माझो राग अजून गेलो नाय हां. बस थंय.’