ओला दुपट्टा

भजन स्पर्धेचा भोंगा ऐकला की मला अजूनही किळस येते. देवळीकडच्या आमच्या गावच्या मंडळाची शेजारच्या गावच्या मंडळाशी दरवर्षी चुरस असायची. मी पेटी वाजवायचो. थंडीत खंजेरीचं कातडं ढिलं पडतं, म्हणून मांडवामागे विस्तव करून सगळे आपापल्या खंजेऱ्या शेकायचे. एक मंडळ उठून गेलं की दुसऱ्यानं त्यांच्या खंजेऱ्यांवर लक्ष ठेवायचं, अशी रीत होती.

एका वर्षी स्पर्धेच्या सकाळी, त्यांची पाळी यायच्या जरा आधी, शेजारच्या गावचे लोक चहाला गेले. आमच्या म्होरक्यानं दुपट्टा ओला केला आणि त्यांच्या एकेका खंजेरीला आतून फिरवला, सावकाश, देवाची मूर्ती पुसावी तसा.

"हे काऊन करून राह्यले, भाऊ?" मी विचारलं.

"तू आपली पेटी पाह्य."

मी पेटी पाहिली.

त्यांच्या खंजेऱ्या भदभद वाजल्या. लोक हसले. मग आम्ही मनाचा मळ धुण्याचं भजन गाऊन ढाल उचलली. गाताना म्होरक्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

शेवटी त्यांचा म्हातारा गायक आमच्याकडे आला. आधी म्होरक्याच्या पाया पडला, मग माझ्या. म्हणाला, "थंडीनं घात केला, बापा. तुमी शेकत ठेवल्या म्हून एवढ्या तरी वाजल्या."

"मंग, तुमी काय परके आहा का?" म्होरक्या म्हणाला.

आणि मी मान डोलावली.