आबांच्या छातीतली गाय

आमच्या घरात गाईला मान आहे, पण तो हात जोडण्यापुरता. दुधाचा विषय निघाला की आबा, म्हणजे माझे वडील, म्हशीशिवाय कुणाचं नाव घेऊ देत नाहीत. गाईच्या दुधाचा चहा पुढं आला तर कपात डोकावून विचारतात, यात दूध घालायचं राहिलं काय.

अशा माणसाच्या हृदयाची झडप उतारवयात आखडली. धार काढता काढता ते दम खायला थांबू लागले. झडप बदलायलाच हवी, आणि लवकर, असं डॉक्टर म्हणाले.

मी शहरात, शाहूपुरीतल्या एका पेढीवर कारकून आहे, त्यामुळे वैद्यकातलं मला सगळं कळतं. मोबाइलवर वाचून मी जेवताना आबांना दोन्ही वाटा समजावल्या. एकीत छाती उघडून, हृदयाचं काम यंत्रावर सोपवून नवी झडप, हवी तर धातूचीसुद्धा, शिवतात. दुसरीत जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालतात, मिटलेली झडप वर नेतात आणि जुनीच्या आतच उलगडतात. सांगताना घाम मलाच फुटला. बोटातून थेंबभर रक्त काढायचं तरी मी भिंतीकडं बघतो. आबांनी मात्र भाकरी संपवली आणि नळी पसंत केली.

दवाखान्यात त्यांनी एकच गोष्ट विचारली, ही झडप असते कशाची? गाईच्या हृदयावरच्या पातळ आवरणाची, डॉक्टर म्हणाले.

"म्हशीची न्हाय?"

"नाही."

"मग छाती फोडा, पर लोखंडाची बसवा."

डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले. धातूची झडप नळीत मावेल अशी मिटत नाही, तिच्यासाठी छाती उघडावीच लागते. टिकते पुष्कळ, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. रुग्ण तरुण असता तर त्यांनीही छाती उघडायलाच सांगितलं असतं, कारण नळीवाली किती वर्षं टिकेल याचा अनुभव अजून थोडा आहे. पण आबांचं वय आणि विडीनं पोखरलेली फुप्फुसं बघता तो घाव त्यांना झेपेल याची खात्री नव्हती. आबा हटेनात. मीही मधे दोन शब्द बोललो, तर त्यांनी माझ्याकडं भाकड जनावराकडं बघावं तसं बघितलं.

मग आईनं डॉक्टरांना विचारलं, "छाती उघडल्यावर धारंला कवा बसत्याल?"

हाड जुळायला दोन-तीन महिने, तोवर जोर नको. नळीवाल्याला साधारण पंधरा दिवस.

आमची म्हैस नुकती व्यालेली. आबांच्या हाताशिवाय ती पान्हा सोडत नाही. पंधरा दिवस रेडकाच्या पिण्यावर निघाले असते. तीन महिन्यांत ती आटली असती.

"बसवा गाय," आबा म्हणाले.

झडप बसली आणि थोड्याच दिवसांत आबा घरी आले. भेटायला आलेल्या पावण्यांना टाके दिसेनात, त्यामुळे ऑपरेशन झाल्याचं पटेना. त्यात आबांच्या जागी मी धारेला बसलो होतो आणि म्हशीनं लाथेनं माझा निकाल लावला होता. गुडघ्याला पट्टी बांधून मी बाहेरच्या खाटेवर पडलेला, म्हणून पावण्यांनी आणलेली केळी माझ्याच उशाला जमत होती.

डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर आबा चरवी घेऊन गोठ्यात बसले. म्हशीनं त्यांना हुंगलं, मान वळवून पुन्हा हुंगलं. आई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती, तिच्यामागं लंगडत मी. मग चरवीत धार वाजली. भरेपर्यंत आबा दम खायला एकदाही थांबले नाहीत.

उठताना त्यांनी छातीवर तळवा टेकला.

"ऱ्हा बाई सुखानं," ते म्हणाले. "पर ह्या घरात दूध म्हशीचंच."