रसिकाच्या गाडीतल्या सहा जागा

आमची सून रसिका शीळफाट्याजवळच्या एका शाळेत नोकरीला आहे. शिकवत नाही. शाळेच्या अकरा बसगाड्या आहेत, त्यांतली कुठली कुठल्या वळणावर किती वाजता उभी राहील, हे ती ठरवते. मी पाटण तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. शाळेत चालत जायचो, वाटेत ओढा होता. ओढ्याला पाणी आलं की सुट्टी, एवढंच आमचं वेळापत्रक. त्यामुळे एक बाई खुर्चीत बसून अकरा गाड्या हलवते, याचं मला अजून कौतुक आहे आणि डोंबिवलीत भेटेल त्याला मी ते सांगतो.

तिची कामाची पद्धत ऐका. नवा रस्ता धरायचा झाला की मोबाइलमधला नकाशा ती बघते, पण त्यावर विश्वास ठेवत नाही. ड्रायव्हरला फोन करते. म्हणते, "बाबा, नकाशा सांगतो बावीस मिनिटं. सकाळी सात वाजता शीळफाट्याला किती ट्रेलर आडवे असतात, ते त्याला कुठं ठाऊक?" मग पहिल्या दिवशी स्वतः त्या बसमध्ये बसून जाते. एक पोरगी रोज रडत शाळेत यायची. घरच्यांना वाटायचं, अभ्यासाची भीती. रसिका बसमध्ये बसली तेव्हा कळलं की ती पोर सगळ्यांत आधी चढते आणि पन्नास मिनिटं खिडकीशी एकटी बसते. रसिकाने अख्खा रस्ता उलटा फिरवला. आता ती सगळ्यांत शेवटी चढते, आणि चढते तीच गप्पा मारत.

तर अशी ही बाई. हिने यंदा आम्हाला स्पितीला न्यायचं ठरवलं. हिमाचलच्याही पार वरच्या अंगाला, जिथं झाडं संपतात आणि नुसते डोंगर उरतात, ते स्पिती. आणि टूरवाल्याबरोबर नाही. सगळं आपलं आपण.

टूरवाल्याबरोबर का नाही, त्याची एक गोष्ट आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही एका टूरमधून उत्तरेकडे गेलो होतो. पुढं झेंडा घेतलेला माणूस, मागं आम्ही चाळीस जण. आमच्या कलावतीचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते आणि तिचे पाय सुजायचे. झेंडा भराभरा पुढं जायचा. ही म्हणायची, "तुम्ही या जाऊन, मी बसते." आठ दिवसांत आम्ही बारा ठिकाणं पाहिली, त्यांतली नऊ तिने बसच्या काचेतून पाहिली. तक्रार केली नाही. उलट बसच्या ड्रायव्हरला किती मुलं, थोरलीला कुठं दिली, सासू कशी आहे, हे सगळं विचारून घेतलं.

घरी आल्यावर बॅगा रिकाम्या करताना रसिका म्हणाली, "आई, पुढच्या खेपेला गाडी तुमच्यासाठी थांबेल. तुम्ही गाडीसाठी नाही."

मला वाटलं, बॅगा रिकाम्या करताना माणूस बोलतो तसं बोलली.

आता स्पितीच का, तर मटारामुळे. श्रावणात आमच्या बाजारात हिरवागार मटार येतो. कलावती शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी मटार थंडीचा. पावसात लावला तर कुजून जाईल. तिने भाजीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आज्जी, हा वरून येतो, स्पितीवरून. तिकडं पाऊस नाय पडत." त्या दिवसापासून दरवर्षी शेंगा सोलताना ही एकच वाक्य बोलते, "कसलं रान असेल बाई ते, पावसाळ्यात मटार देणारं." आम्ही ऐकून सोडून द्यायचो. रसिकाने सोडलं नाही.

मे महिन्यात तिने जेवायच्या टेबलावर कागद पसरले. शाळेच्या जुन्या रस्त्यांचे कागद, त्यांची मागची कोरी बाजू. माझा मुलगा सुशांत चष्मा लावून शेजारी बसला, पण त्याचं काम मान हलवायचं. नात सान्वी रंगीत पेनं पुरवत होती. मी मदतीला होतोच. वाटेतलं कल्पा ते स्पितीतलं ताबो हे अंतर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आहे असं सान्वीने वाचलं. मी म्हटलं, "म्हणजे डोंबिवली ते पुणे. तीन तास, आणि लोणावळ्याला चहा."

"आबा, मध्ये लोणावळा नाहीये," सान्वी म्हणाली.

रसिकाने तिकडच्या ड्रायव्हरला फोन लावला. ताबोला ज्यांच्या घरी उतरायचं त्या पद्मादीदींनी त्याचा नंबर दिला होता. नेगीजी त्याचं नाव. तो म्हणाला, आठ तास धरा. रस्ता चांगला असेल तर.

रसिकाने माझे तीन तास खोडले आणि आठ लिहिले. मग डॉक्टरांकडे जाऊन आली. कलावतीला थोडा रक्तदाबही आहे. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या त्यांना, पण एकदम वर चढवू नका. एका उंचीवर दोन रात्री काढायच्या, मग पुढं. म्हणून मनालीकडून जवळची वाट टाकून तिने शिमल्याकडून लांबची वाट धरली. गणपती उठले की निघायचं. पद्मादीदी म्हणाल्या, तेव्हा वरच्या गावांत शेवटचा मटार सापडेल थोडाफार. रसिका नेगीजीला फोनवर सांगत होती, "मेरे सासूबाई को पाँव लंबा करके बैठना पडता है, तो बीच की सीट पे दो ही लोग बैठेंगे." नेगीजी म्हणाला, ड्रायव्हर सोडून सहा जणांची गाडी आहे, तुम्ही पाच. आरामात.

इथपर्यंत सगळं छान होतं. घोटाळा मी केला.

आषाढात कळव्याला माझ्या मेहुण्याच्या नातवाचं बारसं होतं. रवींद्र, कलावतीचा धाकटा भाऊ. एसटीत कंडक्टर होता, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला. जेवणं झाली, निघालो, पायात चपला घातल्या आणि मी म्हटलं, "बरं का रवींद्र, आम्ही गणपतीनंतर स्पितीला चाललोय. चला की तुम्ही दोघंही."

आता आमच्याकडची रीत अशी, की आपण कुठं निघालोय हे सांगायचं आणि 'चला' म्हणायचं नाही, म्हणजे चारचौघांत एकट्याने पेढा खाण्यासारखं. समोरच्याने म्हणायचं, "बघू." की झालं. दोघांचा मान राहिला. माझ्या वडिलांनी आयुष्यभरात हजारभर लोकांना आमच्या बैलगाडीतून जेजुरीला बोलावलं असेल. एकही आला नाही.

रवींद्रही म्हणाला, "बघू, दाजी." मी निर्धास्त घरी आलो.

आठव्या दिवशी त्याचा फोन. "दाजी, बघितलं. जमतंय. मंदा लोकरीचे मोजे आणायला ठाण्याला गेलीय. काय काय घ्यायचं?"

मी ही बातमी पाच दिवस पोटात ठेवली. सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी चहाच्या वेळी सांगितली. सुशांतने बशी खाली ठेवली. "बाबा, गाडी सहा जणांची आहे. आपण पाच."

"अरे, मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं."

"म्हणायचं म्हणून तुम्ही वऱ्हाड जमवलंत."

रसिका चिडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाबा, मामांना तारीख सांगितलीत?"

"सांगितली."

"गाडीत जागा किती आहेत ते?"

"ते कुणी सांगतं का, पोरी?"

तिने तिथल्या तिथे नेगीजीला फोन लावला. मोठी गाडी मिळेल का? तो म्हणाला, मोठी गाडी वरच्या गावांच्या वळणावर वळत नाही. दुसरी छोटी? भावाची आहे, पण त्या दिवसांसाठी ती आधीच ठरून गेलीय.

कलावती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग मी राहते घरी. माझाच भाऊ आहे. आणि मला काय, मटार इथं येतोच की बाजारात."

रसिकाने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. तिची तीन महिन्यांची खटपट, दोन-दोन रात्रींचे मुक्काम, लांबची वाट, पाय लांब करायची जागा, हे सगळं जिच्यासाठी, ती तांदळातला खडा काढल्यासारखी स्वतःला काढून टाकत होती. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "मी राहतो. चूक माझी."

"तुम्ही राहिलात तर तिकडं मी कुणावर ओरडू?" कलावती म्हणाली. "दोघं जाऊ नाहीतर दोघं राहू."

"कुणी राहायचं नाहीये," रसिका म्हणाली. "बाबा, उठा. कळव्याला जाऊ."

रिक्षात मी सगळ्या वाटेने मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो. रवींद्र, त्या दिवशी मी जे म्हटलं ते म्हणजे. पुढं जुळत नव्हतं. पंचावन्न वर्षांचं नातं आहे. मी लग्नाला घोड्यावर बसलो तेव्हा हा पाच वर्षांचा होता आणि घोड्यावर मलाही बसू द्या म्हणून रडला होता. बसवला होता त्याला पुढ्यात. लग्नाच्या फोटोत मी दिसत नाही, हाच दिसतो.

कळव्याला दार रवींद्रने उघडलं. अंगात स्वेटर. बाहेर घाम येत होता.

"सवय करतोय," तो म्हणाला.

त्याची बायको मंदाकिनी आतून म्हणाली, "काल रात्री टोपी घालून जेवले. बसा, पोहे टाकते."

रसिकाने कागद उघडला आणि सगळं वाचून दाखवलं. मला वाटतं, ऐकून तो आपणहून माघार घेईल अशी तिला थोडी आशा असावी. पहाटे पाचला निघायचं. रवींद्र म्हणाला, माझी पहिली गाडी सव्वाचारची असायची. दोन दिवस फोन लागणार नाही. तो म्हणाला, बरं होईल. जेवणात मटण मिळेलच असं नाही. यावर तो जरा थांबला, पण म्हणाला, चालेल.

मी घसा साफ केला. "रवींद्र, त्या दिवशी मी जे—"

"मामा," रसिका मध्येच म्हणाली, "तुम्ही एसटीवर किती वर्षं होता?"

"एकतीस."

"आणि फिरायला कुठं कुठं गेलात?"

रवींद्रला प्रश्न नवा वाटला. विचार करून म्हणाला, "फिरायला असा कुठं गेलो नाही गं. मुरबाड, शहापूर, जव्हार, सगळीकडं गेलो, पण उभ्याने. खिडकीशी बसलो नाही कधी. बसलो की कुणी तरी सुट्टे मागायचं." मग त्याने आपणहून विचारलं, "तिकडं एसटी असते का?"

"असते. त्यांची सरकारी बस. रोज एक जाते वर काझापर्यंत. आपण ज्या गावांत राहणार, त्याच गावांवरून."

"त्या रस्त्यावर? बस?" त्याने स्वेटरच्या बाह्या वर सरकवल्या. "केवढी? आपल्याएवढी? कंडक्टर असतो का ड्रायव्हरच तिकीट फाडतो? वळणावर उतरून शिट्टी कोण मारतं?"

"मला नाही माहीत, मामा. तुम्हीच बघून सांगा."

"आता बोललात," मंदाकिनी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. "आता हे गाडीत बसतील असं वाटतं का तुम्हाला?"

"नाहीच बसत," रवींद्र म्हणाला. "मी त्या बसने येतो. तुम्ही या गाडीतून. मंदे, तू पण चल माझ्याबरोबर."

"मी नाही. एकतीस वर्षं एसटी ऐकली घरात. मी आक्कांबरोबर गाडीत बसणार."

"त्याला एकट्याला कसं सोडायचं?" मी म्हटलं.

रसिकाने माझ्याकडं बघितलं. "बाबा, आमंत्रण तुमचं होतं."

तर असं ठरलं. बसमध्ये आम्ही दोघं म्हातारे, गाडीत बाकीचे पाच. मुक्कामाची गावं तीच, रात्री जेवायला सगळे एकत्र. परत येताना मी रसिकाला विचारलं, "तुला माहीत होतं का गं, हा बसचं नाव काढेल म्हणून?"

"नाही," ती म्हणाली. "बसचं मी आधी विचारून ठेवलं होतं, कुणाला तरी लागेल म्हणून. ती मामांनाच हवी असेल हे त्यांना विचारल्यावर कळलं."

घरी आल्यावर तिने नवा कागद घेतला आणि गाडीतल्या जागा लिहिल्या. मागं सुशांत आणि सान्वी. मधे ती आणि मंदाकिनी. पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी, कलावती.

"पुढं?" कलावती म्हणाली. "पुढं सुशांतला बसव. बाईमाणूस कुठं पुढं बसतं?"

"पुढं पाय लांब होतात, आई. मी नेगीजींना विचारलंय, सीट मागं सरकते. आणि ड्रायव्हरला सांगायला कुणीतरी पुढं पाहिजे, कुठं थांबायचं ते."

"मी सांगू?"

"तुम्हीच."

"आणि मी थांब म्हटलं तर थांबेल का तो?"

रसिकाने फोन लावला आणि तिच्या हातात दिला. "विचारा."

कलावतीने फोन दोन्ही हातांनी धरला. पदर सारखा केला, जसा काही नेगीजी दारात उभा आहे. "हॅलो. मैं कलावती बोलती हूँ, डोंबिवली से. मैं बोलूँगी थांबो, तो आप गाडी थांबाएँगे क्या?"

पलीकडून काहीतरी बोलणं आलं. तिने फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडं वळली.

"माताजी म्हणाला मला. म्हणतो, जिथं सांगाल तिथं."

मग ती परत फोनवर बोलायला लागली ती पाऊण तास. फोन ठेवल्यावर उठली, माळ्यावरची बॅग सुशांतला काढायला लावली, पुसली, आणि तिच्या तळाशी आपली दोन लुगडी घालून ठेवली. निघायला अजून सव्वा महिना होता.