वाऱ्यातली सावड

लग्नानंतर मी रेसची सायकल चालवायला शिकले ती नणंदेमुळे. ती शर्यतींचा सराव करायची, आणि पहाटे पोरीनं एकटीनं निमोण्याच्या रस्त्याला जाऊ नये म्हणून सासूबाईंनी मला तिच्या जोडीला दिलं. सुरुवातीला मी मागून नुसत्या हाका मारायची. मग पायांना सवय झाली. तोंडाला होतीच, चढावर बडबड केल्याशिवाय माझी सायकल पुढं जात नसे.

आषाढात आमच्याकडे पाऊस नावाला आणि वारा मात्र पत्रे उचलणारा. अशा वाऱ्यात पुढचीनं वारा अंगावर घ्यायचा आणि मागचीनं तिच्या चाकाला चाक लावून आडोशाला राहायचं, मग बारी बदलायची, हे नणंदेनंच मला शिकवलं. त्याला सावड म्हणायला मी लागले. आज तुम्ही आमच्या कांद्यात, उद्या आम्ही तुमच्या बाजरीत, अशी घरं एकमेकांची कामं उरकतात, ती सावड. घेतलेली सावड न फेडणाऱ्या घराबद्दल आमच्या गावात फार वाईट बोललं जातं.

त्या वर्षीची शर्यत दौंडकडच्या एका साखर कारखान्याभोवती होती. गाळप संपलेलं, फाटकं लावलेली, आतल्या मोकळ्या रस्त्यावर फेऱ्या मारायच्या. पहिल्या तिघी जिल्ह्याच्या संघात जाणार. नणंद त्याआधी दोनदा चौथी आली होती आणि दोन्ही वेळा गोठ्यात जाऊन रडली होती. मला संघाबिंघाचं काही नव्हतं. मी उतरले ती तिच्यासाठी वारा कापायला.

दोघीजणी पुढं निघून गेल्या. तिसऱ्या जागेसाठी उरलो आम्ही दोघी आणि आमच्या आडोशाला चिकटलेली कोरेगाव भीमाची एक मुलगी. एक फेरी मी पुढं, एक फेरी नणंद. कोरेगाववाली काही पुढं यायचं नाव घेईना. मला तिचा असा राग आला होता की विचारू नका.

शेवटच्या फेरीत रिकाम्या गाडीतळाचा सरळ रस्ता आला. समोरून वारा, टोकाला वजनकाटा, तिथंच शेवटची रेघ. इथं पुढं राहील ती दमणार आणि मागची निघून जाणार, हे उघड होतं. मी पुढं सरकले, तर नणंद बाजूनं वर आली.

"वन्सं, मागं व्हा! मी हाय पुढं!"

"तुमची झाली, वैनी. आता माझी बारी हाय."

"आवं, खुळ्या झालात का काय! शर्यत हाय ही, खुरपणी न्हाई!"

तिनं ऐकलं नाही. मान खाली घालून सगळा वारा अंगावर घेतला. तिच्या पाठीआड मला माझा श्वास ऐकू येत होता, इतकं शांत होतं. वजनकाटा हाकेवर आला आणि तिची सायकल डुलायला लागली. तेवढ्यात कोरेगाववाली आडोशातून बाहेर पडली. मी मागं राहिले असते तर तिसरी जागा तीच घेऊन गेली असती.

"वैनी, सुटा!" नणंद ओरडली, आणि मी सुटले.

रेघ ओलांडली तेव्हा कोरेगाववाली माझ्या मागं होती आणि तिच्याही मागं माझी नणंद. माझ्या जागी हिला घ्या, असं मी पंचांना सांगून पाहिलं. "असं नसतं ताई," म्हणाले. मग मी तिच्यावर भडकले.

"काय गरज व्हती? वर्षभर कशापायी राबला तुम्ही?"

ती जमिनीवर बसून धापा टाकत होती. "तुम्ही बी राबलाच की. शेवटची सावड कशी बुडवायची?"

मी तिला पोटाशी धरलं आणि आम्ही दोघीही रडलो. माझा तिच्यावर जीव होताच, पण किती होता ते मला तिथं कळलं.

संध्याकाळी ती पाना घेऊन अंगणात बसली. तिची सायकल हलकी, माझी जड. संघात जाताना तिचीच न्यायची, हे तिनं कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. ती माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच. सीट खाली घेतली आणि म्हणाली, "बसा, पाय पोचतो का बघू."

मी बसले. पाय बरोबर पोचला. "मग झालं," म्हणत तिनं सीट आणखी घट्ट आवळली, आणि मला तिच्याकडे बघवेना.