तळ्याकडचं फाटक

डॉना गेल्याचा फोन आला तेव्हा मी आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरत होते. तुमचा बाबा एवढंच म्हणाला, "आई, डॉना..." आणि थांबला. त्याला आता महिना होऊन गेला. मुलांनो, ती तुमची ग्रॅमा, तुमच्या आईची आई, म्हणजे माझी विहीण. तुम्ही तिकडे हॅलिफॅक्सला, म्हणून मला आठवते तशी लिहून ठेवते. बाबा वाचून दाखवेल.

तुमच्या आईबाबांचं लग्न नुकतंच ठरलं होतं. एडमंटनहून अडीच तासांवरच्या डॉनाच्या गुरांच्या रँचवर मी एक दिवस मदतीला गेले. मदत कसली... परीक्षाच वाटत होती. सगळी नोकरी लायब्ररीत केलेली मी, गाईजवळ कधी उभीसुद्धा राहिले नव्हते. डॉनाने स्वतःचे गमबूट दिले, ते सैल म्हणून दोन जोड मोजे घालायला लावले आणि काम सोपवलं. ती पिकअप चालवणार, मी उतरून फाटकं उघडायची, लावायची. "एकच नियम, सुधा. फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं."

दुपारी ती नवऱ्याबरोबर, म्हणजे तुमच्या ग्रँपांबरोबर, कुंपणाच्या तारा ओढत होती. मी एकटीच घराकडे चालत निघाले. वाटेत तळ्याकडचं फाटक सताड उघडं! नियम आठवला, पण कुणीतरी विसरलंय असंच वाटलं. गुरं पळाली तर? मी फाटक ओढलं, साखळी दोनदा गुंडाळली आणि स्वतःवर खूश झाले.

संध्याकाळी चहा घेताना मी ते कौतुकाने सांगितलं. डॉनाने कप खाली ठेवला.

"कधी लावलंस?"

"जेवणानंतर..."

ती उठलीच. जुलैचं ऊन, आणि त्या कुरणात दुसरं पाणी नव्हतं.

तिने पिकअप फाटकाकडे भरधाव नेली. लग्न मोडलं, हे तुमच्या आजोबांना कसं सांगायचं, याची वाक्यं मी जुळवत होते. फाटकाशी गाई एकमेकींना रेटत हंबरत होत्या. मीच गुंडाळलेली साखळी माझ्या बोटांना सुटेना. डॉनाने माझे हात बाजूला सारून ती सोडली. गाई पाण्याकडे धावल्या. एक वासरू मात्र पडूनच राहिलं. त्याच्या हिरड्या कोरड्या पडल्यात का, ते तिने बोट लावून पाहिलं. दोघींनी मिळून त्याला उचललं. ते उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं... तळ्यावरून त्याची आई हंबरली, तेव्हा कुठे चालू लागलं.

मी सॉरी, सॉरी करत होते. डॉना पँट झटकत म्हणाली, "मागे मी तुझ्या किचनमध्ये मिठाचा डबा साखरेच्या जागी ठेवला, तेव्हा तुझा चेहरा बघितलाय मी. आता फिटंफाट! पण पुढच्या वेळी आधी मला विचार."

परवा तिच्या स्मरणार्थ ठेवलेल्या प्रार्थनेनंतर आम्ही रँचवर गेलो. बाहेर बर्फ, आणि किचनचं मागचं दार उघडं. थंडी थेट आत येत होती. माझा हात कडीकडे गेला... आणि थांबला. मी ग्रँपांना विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले. "कुत्रा सारखा आत-बाहेर करतो. तिला शोधतोय."

मी कोट चढवला आणि त्या उघड्या दारापाशी बसून राहिले.