पट्ट्यातलं निओडिमियम

अकरावीतली माझी एक विद्यार्थिनी आठ दिवस कॉलेजला आली नाही, म्हणून गोंडपिपरीहून तिच्या गावी गेले. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, हे मला ठाऊक होतं. तिची आई नुकतीच तलावावरून मासे घेऊन आली होती. पोरगी खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती आणि कमरेला काळा जाड पट्टा.

"हे काय?"

"मॅग्नेटचा पट्टा जी, मॅडम. गावात शिबिर झालं. तो साहेब म्हणे, यात लय दुर्मिळ धातू हाय, खराब रक्त वढून घेते. मंग दवाई बंद केली. महिना होऊन राह्यला."

माझं डोकंच फिरलं. ऑटो बोलावला आणि तो येईपर्यंत पट्ट्याची शिवण उसवली. आत चकचकीत चकत्या होत्या. निओडिमियमच्या.

दुर्मिळ कसला! शिशापेक्षा जास्त आहे तो जमिनीत. फक्त विखुरलेला, वेगळा काढायला अवघड. चांदीसारखा दिसतो, पण उघडा ठेवला की काळवंडतो, म्हणून चुंबकावर निकेलचा मुलामा. पूर्वी ज्याला एकच मूलद्रव्य समजत, त्यातून दोन निघाली. त्यातलं हे एक, म्हणून नाव 'नवा जुळा'. लोखंड आणि बोरॉन सोबत घेतलं की जबरदस्त चुंबक होतो. मोबाइलच्या स्पीकरमध्ये, पवनचक्कीत इमानानं राबतो. त्याच्या नावावर हा धंदा!

चकती विळ्याजवळ नेली, खट्‌कन चिकटली. मग मी बोटाला सुई टोचली, थाळीत रक्ताचा थेंब पाडला आणि तीच चकती त्याच्याजवळ धरली. थेंब हलला नाही.

"रक्तात लोह असतं बाई, पण ते असं ओढलं जात नाही."

आई थाळीकडे पाहत राहिली. मग माझ्यावरच उसळली, "तुमाले सारं मालूम होतं, तं शिबिराच्या दिवशी कुठी होत्या तुमी?"

कुठे होते? भोंगा लावलेली शिबिरवाल्यांची गाडी पट्ट्याची जाहिरात करत कॉलेजच्या फाटकावरून गेली, तेव्हा मी स्टाफरूममध्ये चहा पीत हसले होते. एवढंच.

पोरीला चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. पाच दिवसांनी ती घरी आली आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले, तर टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, "चुंबकानं कोणी मरते का, मॅडम?"

"दवाई सोडून मरते!" मी ओरडलेच. त्यानं कागद ठेवून घेतला.

महिनाभरात कळलं, तीच मंडळी मुलचेऱ्याकडे शिबिर लावून बसलीत. मी निघाले, तर बसस्टँडवर पोरीची आई आधीच उभी; तिलाही कळलं होतं. शिबिराच्या हॉलमध्ये तो साहेब गोड बोलत असतानाच ती उठली.

"माह्या पोरीची दवाई यानं बंद केली. पाच दिवस सलाईनवर होती ते. इचारा त्याले!"

बायका वळून तिच्याकडे पाहू लागल्या. तो म्हणाला, "ताई, खाली बसा."

"नाई बसत," ती म्हणाली.