भटूच्या पिकअपची ताकद

धुळ्याच्या महामार्गालगत गॅरेजांची जी रांग आहे, तिच्यात सुकदेवची पंप रूम सर्वांत अरुंद. आत दोन माणसे शिरली की तिसऱ्याने बाहेर बाकावर बसायचे. तरीही ट्रकवाले आणि पिकअपवाले बसत. डिझेल इंजिनाला मापाने तेल पाजणारा पंप खोलायचा, चाचणीच्या यंत्रावर चढवायचा, चारही सिलिंडरांना सारखा वाटा मिळतो की नाही हे काचेच्या नळ्यांत पाहायचे आणि अखेरीस तेलाची कमाल मर्यादा ठरवणाऱ्या स्क्रूला तार ओवून शिशाचे सील दाबायचे, हे त्याचे काम. सीलवर 'सु' हे अक्षर उमटे. ते सील कोणी तोडत नसे. ‘सुकदेवभाऊचं सील’ म्हटले की मालक गाडीच्या इंजिनाविषयी पुढचा प्रश्न विचारत नसत.

सुकदेव पोरवयात अमळनेरजवळच्या खेड्यातून जळगावला आला, एका वृद्ध मिस्त्रीच्या हाताखाली राबला, आणि लग्न झाल्यावर धुळ्यात स्थिरावला. बोलणे मोजके. हसला तर डोळ्यांनी हसे. गाडीची ताकद वाढवून मागणारे त्याच्याकडे पुष्कळ येत. तो आधी गाडीखाली वाकून ब्रेक पाहायचा, मग उत्तर द्यायचा. बहुतेकांना ते उत्तर नकोसे वाटे.

त्याचा मेहुणा भटू हा असाच मागणारा. चोपड्याकडच्या गावातून केळीचे घड भरायचे, चाळीसगावमार्गे कन्नडचा घाट चढायचा आणि संभाजीनगरच्या बाजारात माल उतरवायचा, हा त्याचा धंदा. गाडी जुनी, इंजिन चार सिलिंडरचे, हवा दाबून भरणारा टर्बो लावलेले, पंधरा-सोळा वर्षे घाट चढून थकलेले. सुकदेव त्याला वर्षानुवर्षे टाळत आला होता. घाटात ताकद वाढली तर भटू ती वेगासाठी वापरणार नाही, केळीचा आणखी एक थर चढवील, हे त्याला ठाऊक होते. आणि थर वाढला तरी ब्रेक तेच राहणार होते.

पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुकदेव सापडला. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि जावयाला खापरावरची पुरणपोळी आग्रह करकरून वाढली जाते. त्याच्याकडे काही मागायची रीत नाही. त्या वर्षी मात्र सासूबाई वच्छलाबाईंनी रसाची वाटी पुढे सरकवली आणि चारचौघांत भटूच्या मागे पडणाऱ्या गाडीचा विषय काढला.

"जवाईबापू, बठ्ठास्न्या गाड्या तुम्हना हातखालथून पयतस. मना भटूनीच मांगे का बरं ऱ्हास?"

नूतन, त्याची बायको, खाली मान घालून पोळी मोडत होती. तिचे कान मात्र वर होते. सासूने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितले होते आणि तिच्या हातची पोळी त्याच्या घशात होती. सुकदेव म्हणाला, "बघतो."

"बघतो नई, करतो म्हना," भटू म्हणाला, आणि सगळी पंगत हसली.

सुकदेवने केले ते असे. पंपाला त्याने हात लावला नाही, सील जसेच्या तसे ठेवले. फक्त हवेच्या फिल्टरच्या डब्याला एक भोक पाडले. त्यामुळे टर्बोची शिट्टी बाहेर ऐकू येऊ लागली. सायलेन्सरच्या पोटातली जाळी काढली. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचा दांडा आखूड केला, की पाय नुसता टेकवताच गाडी उसळावी. रस्त्यावरची माणसे ताकद कानाने आणि तळपायाने मोजतात, हे तो जन्मभर पाहत आला होता. मेहुण्याचे मन राहील, सासूचा शब्द राहील आणि गाडी होती तेवढीच राहील, असा त्याचा हिशेब होता.

भटू महामार्गावर एक फेरी मारून आला तो दार उघडे टाकूनच खाली उतरला. "दाजी, गाडी शे का विमान! आते तं शिट्टीबी मारस!"

पुढच्याच आठवड्यात बाकावर गर्दी झाली. "मेहुण्याला तूप आणि आम्हाला तेल, होय सुकदेवभाऊ?" एका पिकअपवाल्याने टोमणा मारला. "भटूसारखंच करून द्या. दोन थर जास्त भरून घाट चढतो म्हणे."

सुकदेवच्या हातातला पाना थांबला. "किती जास्त?"

"दोन. केळीच्या शेठनं त्याचा माल ठरवूनच टाकलाय. त्याची गाडी भरल्याशिवाय दुसऱ्याची भरत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सुकदेव चाळीसगावला गेला आणि भटूच्या गाडीत त्याच्या शेजारी जाऊन बसला. मागे केळीच्या पानांत गुंडाळलेले घड टपापर्यंत आले होते. घाट सुरू झाला तसा भटू गाणे गुणगुणू लागला. शिट्टी वाजत होती, सायलेन्सर गर्जत होता आणि गाडी दुसऱ्या गियरमध्येही कण्हत होती. उष्णतेचा काटा हळूहळू लाल रेघेकडे सरकत होता. एका वळणावर पुढची जीप थांबली. भटूला थांबावे लागले. पुन्हा निघताना क्लच जळल्याचा वास आला आणि गाडी पुढे जाण्याऐवजी मागे घसरली. मागे एक मोटारसायकल होती. त्यावरची बाई किंचाळली. भटूने दात-ओठ खाऊन पेडल दाबले. गाडीने हातभर खाली जाऊन कशीबशी पकड घेतली.

"पाहिलं ना दाजी?" कपाळाचा घाम पुसत भटू हसला. "पहिलासारखी गाडी ऱ्हाती तं आठेच, ह्या वळनवर बसती!"

सुकदेवने खिडकीतून मागच्या मोटारसायकलकडे पाहिले. "भटू, ऐक. मी या इंजिनाला काही केलेलं नाही. शिट्टी फिल्टरच्या भोकाची आहे. उडी पेडलची आहे. ताकद होती तेवढीच आहे. तू दोन थर फुकट चढवतोयस."

भटूने एकदा त्याच्याकडे आणि एकदा समोर टांगलेल्या लिंबू-मिरचीकडे पाहिले. मग तो मोठ्याने हसला. "नजर लागाले नको म्हनीसन आसं बोली राह्यनात ना?"

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी सुकदेवने बॉनेट उघडून सील दाखवले. "हे बघ. तुटलेलं नाही. पंप उघडलेलाच नाही."

"दाजी, सील दाबाना चिमटा तुम्हनाच खिसामा शे," भटू म्हणाला. "तोडं आनि नवं लाई दिधं. माले काय समजत नई?"

ज्या सीलवर सगळा रस्ता विश्वास ठेवत होता, ते त्याला खरे बोलायच्या कामी आले नाही. घरी नूतनला सांगितले तर ती दुखावली. "स्वतःच्या हातानं केलेलं चांगलं कामही नाकारता? माझ्या माहेरचं म्हणून? का आता दुसरे मागतील म्हणून?" त्याने पुन्हा समजावले. तिने ताट वाढले आणि विषय मिटवला.

सुकदेवला वाटा मोजता आल्या, कारण त्या थोड्या होत्या. भोक बुजवून, दांडा पूर्ववत करून गाडी परत दिली, तर भटू जळगावच्या कोणाकडे तरी जाईल आणि तो स्क्रू आंधळेपणाने पिळून देईल; मग धूर निघेल, पिस्टन वितळतील, आणि तेही नेमके घाटात. काहीच केले नाही, तर एखाद्या दिवशी त्या वळणावर मागे मोटारसायकल नसेल, दरी असेल. खरी ताकद दिली आणि ती भटूला कळली, तर तिसरा थर चढेल.

ताकद भटूला कळली नाही तर?

पंप साफ करायचा आहे, असे सांगून त्याने गाडी ठेवून घेतली. आपलेच सील आपल्या हाताने कापले. नुसते तेल वाढवले तर इंजिन जळते. आधी हवा वाढवावी लागते, आणि ती थंड असावी लागते. भंगारातून त्याने एका मोठ्या गाडीचा, हवा गार करणारा इंटरकूलर आणला आणि तो बसवायला पुढची पट्टी कापून वेल्डिंग केले. टर्बोचा पंखा हलवून पाहिला, त्याच्या दाबाची दांडी मोजके आटे आवळली. नोझल बदलले. मग पंप यंत्रावर चढवून नळ्यांतले तेल थेंबाथेंबाने वाढवत नेले, आणि धूर दिसण्याच्या अलीकडे थांबला. रेडिएटर उकलून धुतला. चारही चाकांना ब्रेकचे नवे लायनर घातले. शेवटी फिल्टरचे भोक बुजवले, सायलेन्सर नवा लावला आणि अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा असा लांब केला की अर्ध्या पेडलपर्यंत गाडी गाईसारखी मवाळ राहावी.

वाळूची पोती भरून तो एकटा लळिंगच्या घाटात गेला. गाडी तिसऱ्या गियरमध्ये चढली. आवाज नाही, धूर नाही. काटा मध्यावर स्थिर. माथ्यावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. आजूबाजूला कोणीही नव्हते, हे बरेच होते.

भटू गाडी न्यायला आला, महामार्गावर गेला आणि लगेच परतला. चेहरा उतरला होता. "दाजी, हाई काय करी टाकं? गाडीमा जीवच नई ऱ्हायना. शिट्टी नई, काही नई. पाय दाबा तं ढिम्म!"

"इंजिन म्हातारं झालं, भटू," सुकदेव म्हणाला. "जेवढं होतं तेवढं काढून झालं."

"पहिलासारखं करी द्या ना."

"नाही होणार."

"मंग दोन थर कमी भरना पडतीन."

"कमीच भर."

भटू गाडीत बसला. शेठला दोन थर कमी कळवले. पुढच्या फेरीला घाट सहज चढला, तेव्हा त्याने त्याचे श्रेय कमी केलेल्या मालाला दिले आणि तसे सगळीकडे सांगितलेही. आपल्या दाजीचा हात बिघडला, चांगली गाडी घालवली, हेही त्याने सांगितले. पोळ्याच्या सुमारास बाकावर माणसे कमी झाली. 'भटूसारखं करून द्या' म्हणणारा आता कोणी येत नव्हता. भटूसारखे होऊ नये म्हणून काहीजण दुसरीकडे वळले. सुकदेवला एका वाक्यात सगळे परत मिळवता आले असते. ते वाक्य भटूच्या कानावर गेले की केळीचा थर चढणार होता, म्हणून ते तोंडातच राहिले.

एके दुपारी जेवताना नूतनने भाजी वाढता वाढता विचारले, "माहेरी सगळे म्हणतात, तुमचा हात गेला. खरं आहे का हो?"

"असेल," सुकदेव म्हणाला. मग थांबून त्याने विचारले, "भटू आला का घाट उतरून?"

"कधीच. आईचा फोन होता. जेवून झोपलाय."

"दोन थर कमीच भरले होते ना?"

नूतनने पळी भांड्यात आपटली. "तेच तर रडगाणं आहे त्याचं!"

सुकदेवने मान हलवली आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.